आयसीयूबाहेरचा गॅस अलार्म पॅनल, २ वर्षं वापरून

मी हॉस्पिटलच्या मेडिकल गॅसचं काम बघतो, मॅनिफोल्ड रूमपासून (जिथे सिलेंडर एकत्र जोडून गॅस लाईनमध्ये सोडतात) बेडमागच्या आउटलेटपर्यंत सगळं. २ वर्षांपूर्वी आयसीयूबाहेरचे काट्याचे जुने गेज काढून डिजिटल अलार्म पॅनल लावला, ऑक्सिजन, मेडिकल एअर आणि व्हॅक्यूम तिन्ही एकात. घेताना मला धड सांगणारं कुणी भेटलं नव्हतं म्हणून लिहितोय.

आकडे मोठे आहेत, कॉरिडॉरच्या टोकावरून वाचता येतात. ऑक्सिजनचं प्रेशर ४ बारच्या आसपास असतं, ते २० टक्के खाली किंवा वर गेलं की लाल दिवा आणि आवाज. म्यूट केला तरी १५ मिनिटांनी परत बोंबलतो, प्रेशर जागेवर येईपर्यंत सोडत नाही. सुरुवातीला सिस्टर लोक वैतागले, आवाज कमी करा म्हणून रोज मागे लागायचे, पण मी हात लावू दिला नाही.

आणि बरं झालं. एकदा दुपारी लाईनवर काम झालं आणि नंतर झोन व्हॉल्वचं, म्हणजे आयसीयूपुरता गॅस बंद-चालू करणाऱ्या व्हॉल्वचं, हँडल कुणीतरी पूर्ण फिरवलंच नाही, तिरकं राहिलं. संध्याकाळपर्यंत काहीच कळलं नाही कारण गॅस कमी ओढला जात होता, आणि ओढ कमी असली की अर्धवट उघड्या व्हॉल्वच्या पुढेही प्रेशर बरोबरच दिसतं. रात्री ४ पेशंट हाय फ्लोवर, म्हणजे जोरात ऑक्सिजन देणाऱ्या मशीनवर गेले, एकेकाला मिनिटाला ५०-६० लिटर, आणि पॅनलवर ४.१ चे ३.१ झाले. मॅनिफोल्डवरच्या माणसाला फोन केला तर तो म्हणतो इकडे ४.२ आहे, काही प्रॉब्लेम नाही. तोही खरंच सांगत होता, त्याचा गेज व्हॉल्वच्या अलीकडे आणि आमचा सेन्सर पलीकडे! सिस्टरनी तेवढ्यात पेशंट सिलेंडरवर घेतले, मी जाऊन हँडल पाईपच्या रेषेत सरळ केलं आणि आकडा लगेच वर आला. त्या रात्रीनंतर आवाजाबद्दल एकही तक्रार नाही.

आता हे ऐका. ज्यांनी पॅनल बसवला त्यांनी आधी ऑक्सिजनचा सेन्सर व्हॉल्वच्या प्लांटकडच्या बाजूला लावला होता. टेस्टिंगला मी झोन व्हॉल्व बंद केला, आउटलेट उघडून लाईन रिकामी केली तरी पॅनल ४.१ च दाखवतोय, तेव्हा लक्षात आलं. भांडून बदलून घेतला. तुम्ही घेणार असाल तर ही टेस्ट स्वतः करा, अर्थात त्या लाईनवर एकही पेशंट नसताना, आणि त्याशिवाय सही करू नका.

अजून एक. पॅनल प्रेशर सांगतो, साठा नाही. नायट्रसच्या (भूल देताना वापरतात तो नायट्रस ऑक्साइड) सिलेंडरचंही तसंच, आत लिक्विड असतं त्यामुळे गेज ५० बारच्या आसपास जागचा हलत नाही, लिक्विड संपलं की मग भराभर खाली, म्हणून तिथे वजनच करावं लागतं. ऑक्सिजनच्या सिलेंडरचं प्रेशर मात्र वापरानुसार उतरत जातं. त्यामुळे पॅनल आला म्हणून मॅनिफोल्डचं रजिस्टर बंद केलं असं करू नका, आमच्याकडे चर्चा झाली होती तशी.

बारीकसारीक तक्रारी आहेत. व्हॅक्यूमचं युनिट बदलायचं सेटिंग मेनूत फार आत आहे. वर्षाने टेस्ट गेज लावून बघितलं तर एअरचा सेन्सर ०.१ बार जास्त दाखवत होता, कॅलिब्रेट करून घेतला. लाईट गेल्यावर बॅटरीवर चालतो पण स्क्रीन मंद होतो, रात्री आकडे वाचायला जवळ जावं लागतं.

दुसऱ्या आयसीयूलाही हाच मागवलाय. सेन्सर बसतील तेव्हा मी शिडीखाली उभा असेन.