डाइव्ह कॉम्प्युटर, एका सीझननंतर: सगळं पटलं, बॅटरीचं झाकण सोडून

ऑक्टोबर ते मे, ५४ डाइव्ह. बहुतेक कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला, काही गोव्याच्या ग्रँड आयलंडला, थोड्या मालवणात. मनगटावरचा, खोली, वेळ आणि अंगात साठणारा नायट्रोजन यांचा हिशेब ठेवणारा, ट्रान्समीटर (सिलिंडरचा दाब कळवणारा) नसलेला, एअर आणि नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनचं मिश्रण) दोन्ही चालणारा, बॅटरी घरी बदलता येणारा मधल्या किमतीचा कॉम्प्युटर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नाण्यानं फिरवायचं असं झाकण या किमतीतल्या बऱ्याच मॉडेलना असतं आणि सगळी तक्रार त्या झाकणाचीच आहे.

बाकीचं पटकन सांगतो. स्क्रीन भर दुपारी बोटीवरही वाचता येते. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जोरात वर आलं की कंपन होतं, ते ५ मिलिमीटरच्या वेटसूटवरूनही जाणवतं. नेत्राणीला लाट असली की सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येण्याआधीच्या थांब्याला, ५ मीटरवर टिकणं कठीण. तिथे हा ३ मिनिटांची मोजणी थांबवतो, खाली आलं की पुढे चालू करतो, पुन्हा शून्यापासून धरत नाही. पट्ट्याऐवजी बंजी दोरी लावली की खोलीवर सूट दबला तरी कॉम्प्युटर मनगटावर फिरत नाही.

आता झाकण. ४७व्या डाइव्हनंतर, सर्फेस इंटरव्हलमध्ये (दोन डाइव्हमधल्या विश्रांतीत), बॅटरीचं चिन्ह तीन रेघांवरून एकीवर आलं आणि स्क्रीन गेली. झाकण उघडलं तर ओ-रिंगच्या (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) खाचेत वाळूचा एक कण आणि स्प्रिंगवर हिरवट थर. पाणी थेंबभरच होतं, पण तेवढं पुरतं.

बॅटरी गेली म्हणजे नुसती स्क्रीन गेली असं नाही, अंगात साठलेल्या नायट्रोजनचा हिशेब गेला. आत ब्यूलमानचं झेडएचएल-१६सी हे गणिती मॉडेल चालतं: शरीराचे १६ काल्पनिक भाग म्हणजे टिश्यू, प्रत्येकाचा अर्धकाळ (निम्मा फरक भरून निघायला लागणारा वेळ) वेगळा, सगळ्यात मंद ६३५ मिनिटांचा. त्यातला ३८.३ मिनिटांचा एकच घेऊ. पृष्ठभागावर त्यात सुमारे ०.७५ बार नायट्रोजन असतो. १८ मीटरवर, म्हणजे २.८ बारला, श्वासातल्या हवेतला नायट्रोजन पाण्याची वाफ वजा करून २.१६ बार. ३८ मिनिटांत टिश्यू निम्मं अंतर कापतो आणि १.४५ बारला पोचतो. पृष्ठभागावर त्याची कमाल मर्यादा १.६९ बार, ४०/८५ ग्रेडियंट फॅक्टर (मर्यादा आणखी सावध करणारी टक्केवारी) लावला की ८५ या आकड्यामुळे ती १.५९ वर येते. इथपर्यंत ठीक. एक तास बोटीवर बसलं तरी त्या टिश्यूत जवळपास १ बार उरतो. बॅटरी काढल्यावर मात्र हा कॉम्प्युटर पुन्हा ०.७५ धरून चालतो. त्या एका टिश्यूपुरतं पाहिलं तर १८ मीटरवर नो-डेको (वर येताना सक्तीचा थांबा न लागणारी) मिनिटं खरं ३९ मिळायला हवीत, तिथे तो ५० देईल. प्रत्यक्षात स्क्रीनवरचा आकडा १६ टिश्यूंतला सगळ्यात आधी भरणारा ठरवतो, त्यामुळे दुसऱ्या डाइव्हला चूक थोडी दिसते. तीन दिवसांच्या ट्रिपमध्ये चौथ्या-पाचव्या डाइव्हला मंद टिश्यू चढत जातात आणि तिथे ही चूक धोक्याची होते.

म्हणून माझा नियम असा: शेवटच्या डाइव्हनंतर निदान २४ तास गेल्याशिवाय बॅटरी बदलायची नाही, सलग दिवस डाइव्हिंग झालं असेल तर ४८ तास. काही मॉडेल बॅटरी बदलतानाही टिश्यूची नोंद जपून ठेवतात. खरेदीआधी मॅन्युअलमधला बॅटरीचा भाग वाचून हे नक्की करा. स्क्रीनच्या रंगापेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं आहे. आणि ट्रिपमध्ये कॉम्प्युटर मेला तर सेंटरवरून दुसरा भाड्यानं घेऊन त्याच दिवशी पाण्यात जायचं नाही. त्या कॉम्प्युटरला तुमच्या सकाळच्या डाइव्हबद्दल काही माहीत नसतं, कदाचित दुसऱ्याच कुणाचा नायट्रोजन त्याच्या हिशेबात असतो. पाण्याखाली असतानाच बंद पडला तर खोली न वाढवता मिनिटाला ९ मीटरपेक्षा सावकाश वर यायचं, सिलिंडरमधली हवा पुरेल तितका वेळ ५ मीटरवर काढायचा, आणि पुढचे २४ तास कोरडं राहायचं.

याच कॉम्प्युटरबद्दल मी फेब्रुवारीत लिहिलेल्या मतात एक तक्रार होती: बॅटरी एका रेघेवर आली की हा डाइव्ह मोड सुरूच करत नाही, आणि अर्धी बॅटरी फुकट जाते. ती तक्रार मागे घेतो. सीआर२४५० ही लिथियम सेल जवळजवळ शेवटपर्यंत ३ व्होल्टच्या आसपास राहते आणि मग एकदम कोसळते. बॅकलाइट, कंपन आणि गार पाणी एकत्र आलं की आणखी लवकर. त्यामुळे एक रेघ म्हणजे अर्धी बॅटरी नव्हे, कड्याचं टोक आहे. सेलचे पैसे वाचवायला त्या रेघेवर पाण्यात उतरणं चूकच ठरलं असतं.

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं: ओ-रिंग ग्राहकानं बदलली, म्हणून पाणी शिरणं वॉरंटीत बसत नाही. वाळूचा कण माझ्याकडून राहिला, हे मान्य. पण झाकण आवळताना रिंग त्याच्याबरोबर फिरते आणि खाचेत पीळ घेते, हा रचनेचा दोष आहे. सरळ दाबून बसणारं, स्क्रूनं आवळायचं झाकण असतं तर रिंगला पीळ पडलाच नसता. वर नुसती रिंग विकत मिळत नाही. झाकण, रिंग, सेल असा संच घ्यावा लागतो आणि तो सुट्या सेलच्या कित्येक पट महाग. वर्षातून एकदा बदलायच्या रबराच्या कड्यासाठी हे संतापजनक आहे.

आता झाकण असं बसवतो. कॉम्प्युटर गोड्या पाण्यात भिजवून रात्रभर सुकवायचा, मगच उघडायचा. जुनी रिंग बोटांनी चिमटीत धरून काढायची, पिन किंवा सुई लावायची नाही. खाचेला ओरखडा पडला तर नवी रिंगही गळते. खाच कापसानं पुसायची नाही, तंतू राहतात. तंतू न सुटणारं चष्म्याचं कापड बरं. नवी रिंग उजेडात पूर्ण फिरवून बघायची. सिलिकॉन ग्रीस तांदळाच्या दाण्यापेक्षा कमी, नुसती चकाकी येण्यापुरतं. जास्त लावलं तर वाळू आणि केस तिथेच चिकटतात. पेट्रोलियम जेली नको, काही रबरं तिनं फुगतात. सेल कडेनं धरायची. झाकण फिरवताना त्याच्या खुणा जुळल्या की थांबायचं. पुढे जोर लावला की झाकणाचे दात झिजतात.

तपासणी टबातच करा. ओ-रिंग दाबानं खाचेत घट्ट बसते, त्यामुळे गळती बऱ्याचदा खोलीवर न होता पहिल्या मीटर-दोन मीटरलाच सुरू होते. झाकण वर ठेवून १० मिनिटं बुडवायचं आणि बुडबुडा निघतो का ते बघायचं. धुतल्यावर पाणी ओळखणारे धातूचे कॉन्टॅक्टही पुसायचे. खारट ओल राहिली तर कॉम्प्युटर स्वतःला पाण्यात समजून रात्रभर जागा राहतो आणि बॅटरी खातो.

ट्रान्समीटर नसल्यानं हवेचा हिशेब वेगळा करावा लागतो, आणि नो-डेको मिनिटं उरली म्हणून हवा उरली असं नाही. ३० मीटरवरून बडीला (जोडीदाराला) आपली हवा देत वर यायचं असेल तर घाबरलेल्या दोघांचे मिळून पृष्ठभागाच्या दाबाला मिनिटाला ४० लिटर धरा, खोलीवर दाबाच्या पटीत जास्त: तळाशी १ मिनिट १६० लिटर, ५ मीटरपर्यंत ३ मिनिटं ३३०, स्टॉपला १८०, शेवटी ५०. एकूण ७२०. ११.१ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये हे ६५ बार होतात. सिलिंडरच्या दाबाच्या गेजवर तो आकडा यायच्या आत तळ सोडायचा. नायट्रॉक्स ३२ (३२ टक्के ऑक्सिजन) असेल तर ऑक्सिजनचा आंशिक दाब १.४ बारपर्यंत धरून मर्यादा ३३ मीटर. मिश्रण ॲनालायझरवर स्वतः मोजून कॉम्प्युटरमध्ये घालायचं, कारण आदल्या दिवसाचं मिश्रण हा तसंच धरून ठेवतो.

नो-फ्लायची, म्हणजे डाइव्हनंतर विमानात बसायच्या आधी थांबायच्या वेळेची, मोजणी तो देतो, घाटाबद्दल मात्र गप्प असतो. आंबोली सुमारे ६९० मीटर, बेळगाव ७५० च्या आसपास. विमानासाठीचे १२ आणि १८ तासांचे नियम (एका डाइव्हनंतर १२, जास्त डाइव्हनंतर १८) साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू धरतात, म्हणजे सलग दोन दिवस डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढणं त्यातच येतं. रात्र किनाऱ्यावर काढून दुसऱ्या दिवशी दुपारी निघणं बरं.

पावसाळ्यासाठी आता सेल काढली आहे. कप्पा उघडा, रिंग पिशवीत वेगळी, सोबत सिलिका जेल. नव्या झाकणाचा संच मागवला आहे. त्याचे दात आणि खाच कशी निघते ते ऑक्टोबरमधल्या पहिल्या दहा डाइव्हनंतर इथेच लिहीन.