चार्पीसाठी घेतलेला लो-टेम्परेचर बाथ: आठ महिन्यांनंतर

चार्पी टेस्ट म्हणजे खाच (नॉच) पाडलेला स्टीलचा छोटा पीस झुलत्या हातोड्यानं तोडायचा आणि त्यात किती ऊर्जा खर्ची पडली ते जुलात मोजायचं. भोसरीतल्या आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये बरीच वर्षं थंडीतल्या चार्पीचे पीस ड्राय आइसवरच (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवर) थंड व्हायचे. स्टीलच्या डब्यात ॲसिटोन, त्यात ड्राय आइसचे तुकडे आणि तापमान −46 अंश सेल्सियसवर धरून ठेवायला दिवसभर अडकलेला एक माणूस. मे महिन्यात कॉम्प्रेसरवर चालणारा, −80 पर्यंत जाणारा बाथ घेतला. आत अल्कोहोल, खाली ढवळणारा पंखा, वीस पिसांची जाळी.

सर्वात मोठा फायदा म्हणजे तापमान हलत नाही. स्टँडर्डला ±1 अंश लागतो आणि द्रवात पीस किमान पाच मिनिटं मुरावा लागतो. आम्ही दहा मिनिटं ठेवतो. आमच्याकडे जास्त काम ए-350 एलएफ-2 फोर्जिंगचं, म्हणजे थंडीत वापरायच्या स्टीलच्या घडीव मालाचं. −46 अंशांना तीन पिसांची सरासरी 20 जूल हवी आणि एकही पीस 16 च्या खाली जाता कामा नये. असं स्टील थंडीत हळूहळू ठिसूळ होत नाही, तापमानाच्या एका ठराविक पट्ट्यात झपाट्यानं घसरतं. नेमक्या त्या पट्ट्यात टेस्ट असेल तर दोन-चार अंशांच्या चुकीनं चांगला माल रिजेक्ट होतो, किंवा वाईट माल पास होतो. दुसऱ्याची मला जास्त भीती वाटते. तो फ्लँज (पाइप जोडणारी कडी) कुठल्या पाइपलाइनवर बसणार, हे आपल्याला कधीच कळत नाही.

ऑगस्टमध्ये हेच अंगाशी आलं. एका सेटमध्ये 58, 51 आणि तिसरा थेट 13. तिसऱ्याचं तुटलेलं तोंड पाहिलं, तर साखर सांडल्यासारखं चकचकीत, कडेला ओठ नावालाही नाही. बाकी दोघांचं करडं, तंतूदार. नॉच प्रोजेक्टरवर तपासली, ठीक होती. मग बाथमध्ये आमचा कॅलिब्रेट केलेला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) फिरवला. डिस्प्लेवर −46.2, पण थंड करणाऱ्या कॉइलजवळच्या कोपऱ्यात, जिथे तिसरा पीस होता, −52. ढवळणारा पंखा बंद पडला होता आणि मशीननं साधा अलार्मही दिला नव्हता. कंपनीचा माणूस नवव्या दिवशी आला. टेस्ट रद्द करून नवे पीस काढावे लागले, पार्टीला सगळं खरं सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक सेटआधी जाळीच्या मधोमध वेगळा थर्मोकपल सोडतो. बाथ कुणाचाही घ्या, पण पंखा बंद पडल्यावर अलार्म वाजतो का, हे डेमोत स्वतः तो बंद करून बघा.

पावसाळ्यात दुसरा त्रास. झाकण उघडलं की दमट हवा आत जाते, अल्कोहोल पाणी ओढतं आणि −60 च्या पुढं ते दाटसर होतं. कॉइलवर बर्फ धरतो. जुलै ते सप्टेंबर दर महिन्याला अल्कोहोल बदललं. हा खर्च कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही. शिवाय खोलीत एक्झॉस्ट पाहिजेच, वाफ पेट घेणारी आहे.

वेळेचं सांगायचं तर −46 ला दीड तास लागतो, मे महिन्यात −75 ला जवळजवळ तीन. सकाळी आल्याआल्या चालू करायचा.

−101 किंवा −196 साठी हा बाथ नाही. एलएफ-3 हे आणखी थंडीतलं स्टील आलं की द्रवरूप नायट्रोजनच लागतो. −196 तर सोपं, उकळता नायट्रोजन स्वतःच तापमान धरून ठेवतो. फक्त एका लिटरचा साधारण सातशे लिटर वायू होतो आणि तो खोलीतला ऑक्सिजन कमी करतो, म्हणून बंद खोलीत ते काम आम्ही करत नाही. ऑक्सिजन मीटर आधी, डेवार (नायट्रोजनचं थर्मॉससारखं भांडं) नंतर.

इतके पैसे घालूनही शेवटचे पाच सेकंद माणसाच्याच हातात राहतात. बाथमधून पीस काढून मशीनच्या ॲनव्हिलवर (पीस टेकवायच्या आधारावर) बसवून हातोडा सोडेपर्यंत पाचच सेकंद. चिमट्याची टोकंही पिसाबरोबर बाथमध्येच थंड करायची, नाहीतर नॉचजवळची थंडी चिमटाच ओढून घेतो. म्हणून नवीन मुलाला पहिला आठवडा हातोडा लॉक करून, साध्या तापमानाच्या पिसांवर नुसतं उचलायला आणि बसवायला लावतो, स्टॉपवॉच लावून. आमचा सध्याचा मुलगा सोमवारी सात सेकंदांवर होता, शनिवारी चारवर आला. मग त्याला बाथ दिला.