पीएच पेन आणि थेंबांचं किट: सात महिन्यांचा अनुभव

अनंताची नवी पानं पिवळी पडत होती. शिरा हिरव्यागार, मधला भाग फिका. लोह कमी पडलं की असंच दिसतं. खतानं फरक पडेना, म्हणून पीएच पेन घेतला आणि सोबत पाण्याचा जडपणा व क्षारता (म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) मोजायचं किट.

पेननं नळाच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, दाखवला 7.8. लिटरभर पाण्यात एक मिली व्हिनेगर घातलं, आकडा 7 च्या खाली आला. बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात पेन बुडवला तर पुन्हा साडेसातच्या वर! पावसाच्या साठवलेल्या पाण्यात तेवढंच व्हिनेगर घातलं, तर आकडा थेट 4 च्या आसपास घसरला.

कारण किटनं दाखवलं. क्षारतेच्या चाचणीत निळं झालेलं पाणी पिवळं होईपर्यंत थेंब मोजायचे. पावसाचं पाणी पहिल्याच थेंबाला पिवळं झालं, नळाचं अकराव्याला. एक थेंब म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबानं लिटरमागे सुमारे 17.8 मिलिग्रॅम, म्हणजे नळाच्या पाण्यात जवळजवळ 196. पाण्यातले हे बायकार्बोनेट आम्ल पचवतात आणि दर पाण्यागणिक कुंडीतल्या मातीचा सामू वर ढकलतात. सामू चढला की मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे: झाडांसाठी नुसत्या पीएचच्या आकड्यावर विसंबू नका, क्षारता आधी मोजा.

जडपणा वेगळा. तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा, आणि ही दोन्ही झाडाला लागतातच. कुंडीच्या काठावरचा पांढरा थर बहुतेक त्यांचाच. टीडीएस पेन हे वेगळं करून सांगत नाही, तो विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून अंदाज देतो. मिठावर चालणाऱ्या सॉफ्टनरचं पाणी मात्र झाडांना घालू नका. त्यात कॅल्शियम जाऊन सोडियम येतं.

किटबद्दल तक्रार नाही. पेन मात्र जपावा लागतो. एकदा टोक कोरडं राहिलं आणि आकडा 0.3 नं चुकायला लागला. आता दर पंधरा दिवसांनी 4 आणि 7 अशा ठरावीक सामूच्या बफर द्रावणात तपासते आणि टोपणात साठवणुकीचं द्रावण ठेवते, डिस्टिल्ड पाणी कधीच नाही.

चार महिन्यांपासून अनंताला नळाचं आणि पावसाचं पाणी निम्मं निम्मं घालते. पिवळी पानं तशीच राहिली, पण त्यांच्या वर आलेल्या तिन्ही जोड्या गडद हिरव्या आहेत.