आजीची बाहत्तरच्या दुष्काळाची आठवण: नुसता आवाज की व्हिडिओ?

आठवी-नववीच्या मुलांना पहिल्या मुलाखतीसाठी नुसता आवाजच टिपायला द्यावा. कॅमेरा समोर आला की आजी पदर सारखा करते आणि भाषण दिल्यासारखं बोलू लागते. फोन शेजारी पडलेला असला की पाच मिनिटांत त्याला विसरते. मग 1972 ची सुकडी (दुष्काळात वाटलेलं पौष्टिक पीठ), मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी), खडी फोडण्याची कामं आपोआप बाहेर येतात.

फोन तोंडापासून हातभर अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवावा. फ्लाइट मोड चालू, पंखा बंद. पंख्याची घरघर नंतर नीट काढता येत नाही. आधी अर्ध्या मिनिटाची चाचणी हेडफोन लावून ऐकावी. मोनो वेव्ह फाइल (एकाच चॅनेलचा, न दाबलेला आवाज) तासाला सुमारे 300 एमबी होते. फुल एचडी व्हिडिओ तेवढी जागा दोन-तीन मिनिटांत खातो आणि फोन भरला की मुलाखत मध्येच तुटते, तीही नेमकी रंगात आलेली असताना.

व्हिडिओ हवा तो हातांसाठी: जात्यावरचं दळण, गोधडीचा टाका. तिथे ‘हे असं’ एवढंच ऐकून काही कळत नाही. दुसऱ्या भेटीत दहा मिनिटं पुरतात. फोन आडवा, खिडकी आजीच्या पाठीमागे नको.

संमती दोन्हींची वेगळी विचारावी. आवाजाला हो म्हणणारे शेजारचे आजोबा चेहऱ्याला नाही म्हणू शकतात.