टीडीएफ की आयडेक्स? संरक्षण संशोधनात उतरू पाहणाऱ्या लहान कारखानदारासाठी

तोफा आणि दारूगोळ्याचे संशोधन करणारी एआरडीई पुण्यात पाषाणला, स्फोटकांचे व प्रणोदकांचे काम करणारी एचईएमआरएल सुतारवाडीला आणि लष्करी पूल विकसित करणारी आर अँड डीई दिघीला असल्यामुळे भोसरी-चाकणच्या कारखानदाराला डीआरडीओ, म्हणजे या प्रयोगशाळा चालवणारी संरक्षण संशोधन व विकास संस्था, परकी वाटत नाही. प्रयोगशाळेचे ड्रॉइंग घ्यायचे आणि सुटे भाग करून द्यायचे, हे काम आपल्याकडे अनेकांनी केले आहे. अडते ते त्यापुढे, म्हणजे दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम करण्याऐवजी स्वतः काही विकसित करायचे मनात आले की. त्या वेळी समोर मुख्यतः दोन वाटा असतात : डीआरडीओमार्फत चालणारा तंत्रज्ञान विकास निधी, म्हणजे टीडीएफ, आणि संरक्षण उत्पादन विभागाची आयडेक्स योजना. हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनवणाऱ्या आमच्या छोट्या कारखान्याने दोन्हींचा विचार करून टीडीएफ निवडला. पात्रतेच्या अटी आणि अर्जाची पद्धत वाचकाने पाहिलेली असणार असे धरून चालतो.

पैशांचे आधी उरकून घेऊ. टीडीएफमध्ये प्रकल्पखर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते आणि 10 कोटींची जुनी मर्यादा 2022 मध्ये 50 कोटींवर नेण्यात आली. आयडेक्समध्ये नेहमीच्या स्पर्धेत दीड कोटीपर्यंत, प्राइम या उपयोजनेत 10 कोटींपर्यंत आणि 2024 मध्ये आलेल्या अदिती या उपयोजनेत 25 कोटींपर्यंत अनुदान आहे. मात्र साधारण तेवढाच वाटा आपल्यालाही उचलावा लागतो. हा फरक कागदावर दिसतो तेवढा निर्णायक नसावा, असे माझे मत आहे. पैसे दोन्हीकडे टप्प्याटप्प्यानेच सुटतात आणि दोन टप्प्यांच्या मधले पगार, कच्चा माल व ओव्हरड्राफ्टचे व्याज ज्याचे त्यालाच सोसावे लागते.

ऑर्डरच्या बाबतीत आयडेक्स सरस आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तेथे गरज मांडणारे दलच पुढे ग्राहक होणार असते आणि नमुना चाचणीत उतरला तर खरेदीचा मार्ग 2020 च्या संरक्षण संपादन प्रक्रियेत आखलेला आहे. टीडीएफमधून बहुधा एखादी उपप्रणाली किंवा घटक तयार होतो आणि त्याचे नशीब ज्या मोठ्या प्रणालीत तो बसणार तिच्याशी बांधलेले असते. एटॅग्ज या ओढून नेण्याच्या तोफेचेच पाहा. एआरडीईच्या पुढाकाराने, भारत फोर्ज आणि टाटा यांना भागीदार करून, मागच्या दशकाच्या सुरुवातीला हा प्रकल्प सुरू झाला आणि 307 तोफांचा करार मार्च 2025 मध्ये झाला. एवढा काळ थांबणे भारत फोर्जला परवडते. चाळीस कामगारांच्या कारखान्याने तसा हिशेब धरून चालू नये.

असे असूनही मी टीडीएफकडे वळलो, त्याचे कारण एकच आहे आणि काहींना ते क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. ते कारण म्हणजे बदल्या. सैन्यातील अधिकारी एका पदावर साधारण दोन-तीन वर्षे असतो आणि नवे उपकरण कल्पनेपासून पात्रता चाचणीपर्यंत नेण्यास बहुधा त्याहून अधिक काळ लागतो. पूर्वी आम्ही एका वापरकर्त्या शाखेसाठी थेट काम केले होते. ते आयडेक्सखालचे नव्हते, हे येथे नमूद करतो. गरज लिहिणारे अधिकारी अतिशय जाणकार होते. व्हॉल्व्हचे वजन ठरलेल्या मर्यादेपेक्षा किंचित जास्त भरत होते, पण गळतीच्या चाचणीतील निकाल उत्तम असल्याने त्यांनी ते चालेल असे बैठकीत सांगितले आणि आम्ही पुढच्या कामाला लागलो. त्यांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांनी फाइल उघडली, तर त्या सवलतीचा उल्लेख कोठेच नव्हता. त्यांच्या बाजूने पाहिले तर ते बरोबरच वागले, कारण लेखी नसलेल्या गोष्टीवर त्यांनी सही का करावी? पण आम्हाला बॉडी पुन्हा डिझाइन करावी लागली, फिक्श्चर बदलावी लागली आणि कंपन व तापमानाच्या सगळ्या चाचण्या पहिल्यापासून कराव्या लागल्या. त्या काळात रोजच्या ग्राहकांची कामेही मागे पडली.

टीडीएफच्या कामात आमच्या बाबतीत हे घडले नाही. प्रस्ताव तपासणारे शास्त्रज्ञच शेवटच्या चाचणीला हजर होते आणि मधल्या काळात घेतलेला प्रत्येक निर्णय का घेतला, हे त्यांना फाइल न उघडता आठवत होते. अर्थात हा एका कारखान्याचा अनुभव आहे आणि प्रयोगशाळांचेही स्वतःचे दुखणे असतेच : डिझाइन गोठवायची वेळ आली की कोणाला तरी आणखी एक सुधारणा सुचते. शिवाय निर्माण होणारी बौद्धिक संपदा डीआरडीओबरोबर संयुक्त मालकीची असते, ही बाब सल्लागारासोबत बसून नीट समजून घ्यावी. मला विचाराल तर सुधारणा सुचवणारा माणूस उद्याही तेथेच असणार, ही गोष्ट या दोन्हींपेक्षा मोलाची आहे.

विद्यापीठाच्या वाटेने जावे का, असेही विचारले जाते. आयआयटी मुंबईतील प्रणोदन केंद्र किंवा हैदराबाद विद्यापीठातील उच्च ऊर्जा पदार्थांचे केंद्र यांसारखी डीआरडीओची केंद्रे मूलभूत कामासाठी आहेत आणि तेथे उद्योगाचा प्रवेश बहुधा शेवटी होतो. आयआयटी दिल्लीतील केंद्रात विकसित झालेले ‘अभेद’ हे हलके बुलेटप्रूफ जॅकेट 2024 मध्ये असेच निवडक उद्योगांकडे देण्याचे ठरले. लहान कारखान्याने विद्यापीठाला टीडीएफ प्रकल्पात मर्यादित वाट्याचा भागीदार म्हणून घेणे अधिक सोयीचे, असे मला वाटते. सिम्युलेशन किंवा पदार्थपरीक्षण त्यांच्याकडे द्यावे. परंतु एमटेकचा विद्यार्थी उन्हाळ्यात पदवी घेऊन निघून जातो, हे लक्षात ठेवून त्यांचे टप्पे लहान ठेवावेत.

आपले उत्पादन स्वतःच्या पायावर उभे राहणारे असेल, उदाहरणार्थ ड्रोन, दुर्बीण किंवा सॉफ्टवेअर, आणि ते दोन वर्षांच्या आत चाचणीला नेता येणार असेल, तर आयडेक्सचा विचार अवश्य करावा. तेथे माझी तक्रार बहुधा लागूही पडणार नाही. वस्तू दुसऱ्या यंत्राच्या पोटात बसणारी असेल आणि काम लांबणार असेल, तर माझा कल टीडीएफकडे आहे. वाट कोणतीही धरली तरी पात्रता चाचणीचा आराखडा, त्यातील स्वीकारार्ह मर्यादांसह, कराराचे परिशिष्ट म्हणून जोडून घ्यावा आणि ही मागणी सहीपूर्वीच्या बैठकीतच करावी, कारण पहिला नमुना तयार झाल्यावर तीच मागणी सवलत मागितल्यासारखी दिसते.