इंजिन बांधूनही जिप्सी ऑइल खात होती: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तो दाब) बरोबर आलं म्हणजे पिस्टनवरच्या रिंगा बरोबर, असं गॅरेजात छातीठोकपणे सांगतात. माझ्या जिप्सीच्या १२९८ सीसी इंजिनापुरतं तरी ते खोटं ठरलं.

रिबोर (सिलिंडर आतून कातून घेणं), नवे पिस्टन, नव्या रिंगा, हेडचं काम, सगळं एका गॅरेजात करून घेतलं होतं. गाडी ओढायला झकास. पण नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला घासून नीट बसायचा काळ उलटून गेला तरी हजार किलोमीटरला जवळपास लिटरभर ऑइल कमी व्हायचं. खाली थेंब नाही, कूलंट स्वच्छ. म्हणजे जळतच होतं. गॅरेजवाल्यांचं उत्तर ठरलेलं: "अजून चालवा, बसतील रिंगा."

आधी मोजणं सुरू केलं. सपाट जागा, थंड इंजिन, दर वेळी तीच खूण. हे केल्याशिवाय पुढचं काहीच करू नका. ऑइलच्या दिव्यावर तर मुळीच विसंबू नका. तो दाब घसरल्यावर लागतो, पातळी त्याला कळत नाही.

मग धूर. सकाळी स्टार्ट करताना निळा भपका यायचा. पसरणी घाटातून गिअरमध्ये वाईकडे उतरून पुन्हा रेस दिली की मागे निळा ढग. उतारावर थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) व्हॅक्यूम वाढतो आणि व्हॉल्व गाइडमधून, म्हणजे व्हॉल्वची दांडी सरकते त्या नळीतून, ऑइल ओढलं जातं, म्हणून दुसऱ्या एका मिस्त्रींनी ते अडवणारे व्हॉल्व सील बदलले. इंजिनातली वाफ पुन्हा आत ओढू देणारा पीसीव्ही व्हॉल्वही तपासला, तो ठीक होता. सकाळचा भपका गेला, पण ऑइलचा खप जेमतेम कमी झाला. तोच व्हॅक्यूम रिंगांवरूनही ऑइल वर ओढतो, त्यामुळे घाटातल्या धुरावरून एकट्या सीलला दोषी ठरवता येत नाही.

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये जवळपास सारखं होतं. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घेतलं तरी काटा फारसा वर गेला नाही, म्हणजे रिंगांवरून हवा फारशी निसटत नव्हती. खरी खूण प्लगांनी दिली: दोन आणि तीन नंबरचे ओले, काळे, एक आणि चार कोरडे. होनिंग (सिलिंडरच्या भिंतीवर बारीक रेघा पाडणं) बिघडलं असतं किंवा काचेसारखं गुळगुळीत झालं असतं, तर बहुधा चारही सिलिंडरांनी तक्रार केली असती. दोनच ओले, म्हणजे बसवण्यातली चूक असावी, असं मिस्त्री म्हणाले आणि इंजिन उघडलं.

त्या दोन्ही पिस्टनवर वरून दुसरी रिंग उलटी निघाली. या रिंगेची खालची कड भिंतीवरचं ऑइल खाली खरवडते. उलटी बसली की तेच ऑइल वर नेते. हवा मात्र ती बऱ्यापैकी अडवते, म्हणून कॉम्प्रेशन शहाण्यासारखं दिसत राहतं. रिंगेवर बारीक खूण असते, ती वर यायला हवी. तीन नंबरला सर्वात खालच्या ऑइल रिंगच्या एक्स्पांडरची (तिला बाहेर दाबणाऱ्या स्प्रिंगपट्टीची) टोकंही एकमेकांवर चढली होती. ती फक्त टेकायला हवीत.

सिलिंडरच्या भिंतीवरच्या होनिंगच्या तिरप्या रेघा शाबूत होत्या, त्यामुळे हलकं होनिंग आणि नवा रिंग सेट एवढ्यावर भागलं. सुरुवातीला मिनरल ऑइल घालून, उभी ठेवून घुरघुरवत न बसता चढावर बदलत्या लोडवर चालवली.

त्यानंतर काही महिने वापरतोय. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये डिपस्टिकवरची पातळी बोटभरही हलत नाही. सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरने मात्र इतके दिवस जळकं ऑइल गिळलंय. पुढच्या पीयूसीच्या आधी तो तपासून घेणार आहे.