मनुदेवी की पाटणादेवी?

श्रावणात जळगाव जिल्ह्यातल्या कोणत्या देवीच्या धबधब्याला जायचं, घरात हाच वाद. आमचा कौल पाटणादेवीला, पण आईचे गुडघे मनुदेवीकडे ओढतात.

यावल तालुक्यात आडगावजवळ, सातपुड्याच्या कुशीत मनुदेवी. धबधबा देवळाला लागूनच, त्यामुळे दर्शन आणि भिजणं एकाच फेरीत. नारळाची पिशवी मात्र छातीशी धरा. मागच्या वर्षी माकडाने आमची पिशवी हिसकली आणि समोरच्याच कठड्यावर बसून सावकाश खोबरं खाल्लं. रविवारी गर्दी विचारू नका.

पाटणादेवी चाळीसगावपासून 18 किलोमीटरवर, गौताळा अभयारण्यात. तिथल्या केदारकुंड धबधब्याला जायला जंगलातली पायवाट तुडवावी लागते. शेवाळलेल्या दगडांवर चप्पल टिकत नाही, बूटच हवेत. वाटेत हेमाडपंती महादेव मंदिर. इथल्याच शिलालेखात गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याची नोंद आहे. काळ तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. भिजत उभं राहून भास्कराचार्यांच्या लीलावती ग्रंथातली गणितं आठवायची म्हणजे गंमतच!

दोन्हीकडे पाणी पावसाचं, उन्हाळ्यात नुसता कातळ. डोंगरात ढग दाटले की कुंडात उतरू नका, लोंढा सांगून येत नाही.

यंदा आई मनुदेवीलाच. भरीत-भाकरीचा डबा तिच्याकडे, म्हणजे आम्हीही तिकडेच.